कमरेइतकं पाणी

लिसबेटला एकटं राहायची हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वॉल्विस बे बंदराला जाऊन राहिलेले तिचे नातलग म्हणत, म्हातारीला माणसं नकोशी झालीत, तिचा जीव शेळ्यांतच रमतो. साफ खोटं. बाकीचे गेले, ती मागे राहिली, एवढंच. कुइसेब या एरवी कोरड्या नदीच्या काठावरच्या तिच्या वस्तीत एके काळी रविवारच्या प्रार्थनेला बसायला जागा पुरत नसे. मग विहिरींचं पाणी खोल गेलं, शाळा बंद पडली, पोरांना मासळीच्या कारखान्यांत कामं मिळाली, आणि पोरांच्या मागोमाग आईबापही समुद्राकडे सरकले. नवरा योसेफ वारला. मुलगी आलेट्टा शहरातून दर नाताळाला येई आणि दर नाताळाला आईशी भांडून परत जाई. पत्र्याची घरं तेवढी उरली. दुपारी ऊन तापलं की ती रिकामी घरं तडतड वाजत, आणि नवखा माणूस दचकून आत कोण आहे ते बघायला जाई.

आता म्हणाल, शेजार म्हणून काहीच नव्हता का? होता. एकच. नदीच्या पलीकडे, टेकड्यांएवढ्या वाळूच्या डोंगरांच्या पायथ्याशी, खालच्या अंगाला हिस्कियाची झोपडी होती. योसेफचा हा चुलतभाऊ. तरुणपणी खाणीत दगड फोडायला गेला आणि कान तिथेच ठेवून आला. चालत गेलं तर दोन चिलमींचं अंतर. रविवारी कधी ती जाई, कधी तो येई. काळा चहा, त्यात मुठीने साखर, आणि समोर नाराच्या वाळवलेल्या बिया. नारा म्हणजे आमच्या वाळूतलं काटेरी टरबूज. त्याच्यावर आम्हा टोपनार लोकांची कित्येक पिढ्यांची पोटं भरली आहेत. बिया दातांत फोडत दोघं भांडत. दुभंगलेल्या टेकडीजवळची नाराची झुडपं कुणाच्या घराण्याची, योसेफच्या आईकडची की हिस्कियाच्या, हा वाद योसेफ जिवंत असताना सुरू झाला होता. योसेफ मेला, वाद धडधाकट होता.

"ती झुडपं आमची!" लिसबेट ओरडे.

"काय?"

"झुडपं! आमची!"

"अगं, ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?" हिस्किया म्हणे, आणि खदखदून हसे. हा त्याचा विनोद गेली कित्येक वर्षं तोच होता. लिसबेट दर वेळी चिडे आणि पुढच्या रविवारची वाट बघे.

त्या वर्षी फेब्रुवारीत ऊन नुसतं मी म्हणत होतं. एरवी समुद्राकडून सकाळचं धुकं येतं, झाडापानांना आणि माणसांना जरा ओलावा मिळतो. त्या आठवड्यात धुकं फिरकलंच नाही. पूर्वेचा वारा सुटला होता. चुलीचं तोंड उघडावं तसा तोंडावर येई. शेळ्या नदीपात्रातल्या झाडांच्या सावलीला जीभ काढून पडून राहत. लिसबेटचा छोटा रेडिओ आमच्या भाषेत सांगत होता की आतल्या डोंगरांवर गडगडाटी पाऊस होणार, अचानक लोंढे येतील, कुणी कोरड्या नदीपात्रात मुक्काम करू नये, गुरं वर काढावीत. रेडिओने सांगायची गरज नव्हती म्हणा. संध्याकाळी पूर्वेला क्षितिजाच्या बुडाशी विजा चमकताना दिसत. आवाज नाही, काही नाही, नुसता लांबचा लखलखाट. आमच्या डोक्यावर एक ढग नसतो. आमच्याकडे पाऊस पडत नाही, आमच्याकडे नदी पडते, असं योसेफ म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी लिसबेटने शेळ्या काठावर हाकलल्या. बोकड मोठा अडेल. दाढीमुळे त्याचं नाव पाद्री ठेवलं होतं. त्याला कान धरून वर आणावं लागलं. ऊन कलत होतं. ती काठी टेकून उभी राहिली आणि तिला पात्राच्या वरच्या वळणाकडून पाखरं खाली उडत येताना दिसली, थवेच्या थवे. मग ओल्या चिकणमातीचा वास आला. मग आवाज. सुकी पानं कुणी फरफटत आणावीत तसा.

नदी वळणावरून पुढे आली. आधी येते ती नदीची जीभ. तपकिरी, फेसाळ, तिच्या तोंडाशी काटक्या, लेंड्या, शेंगा, विंचू, पाली, जे काय वर्षभरात पात्रात साठलं ते सगळं. तापलेली वाळू तिला पीत असते, म्हणून ती माणसाच्या चालीने येते. आमच्याकडची रीत अशी की नदी आली की गावाने तिच्यापुढे चालायचं. पात्रातूनच, काठाने नव्हे. पाहुणीला वेशीवरून घरापर्यंत आणतात तसं तिला प्रत्येक घरावरून पुढे न्यायचं, आणि पुढच्या वस्तीच्या हवाली करून परतायचं. लहानपणी लिसबेट आईचा हात धरून अशी चालली होती. पुढे म्हातारे, मागे पोरं, गाणी, आरडाओरडा, गाढवं. एकच गोष्ट मोठी माणसं पुन्हा पुन्हा बजावत. जीभ धाकटी बहीण, तिच्याशी खेळा. मागून थोरली येते. ती कुणाच्या चालीने येत नाही.

आज गाव म्हणजे लिसबेट एकटी. आणि पुढची वस्ती म्हणजे हिस्किया.

आणि तिला आठवलं. हिस्कियाची विहीर पात्राच्या मधोमध होती. वाळूत खणलेली, लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेली, दर उन्हाळ्यात आणखी खोल जाणारी. आणि उन्हाळ्यात दुपारभर हा गृहस्थ त्या विहिरीच्या तळाशी असे. थोडा गाळ उपसायचा, मग ओल्या वाळूला पाठ टेकून झोप काढायची. वर भट्टी, खाली थंडगार. कुणालाही मोह होईल. ऐकू येणारा माणूस एक वेळ वाचला असता. याच्या कानाशी तोफ डागली तरी तो कुशीवर वळला असता.

ती पात्रात उतरली. काठाने जावं तर वळसे फार, आणि वाळू पोटऱ्यांपर्यंत पाय गिळणारी. पात्रातून सरळ वाट होती. शिवाय नदीपुढे चालायचं ते पात्रातूनच, हे हाडामांसात मुरलेलं. शहाण्या माणसाने म्हटलं असतं, बाई, रीत गेली खड्ड्यात, काठ धर. पण तिथे शहाणा माणूस नव्हता.

ती चालू लागली, आणि मागे नदी. मऊ वाळू आली की नदी रेंगाळे, लिसबेट पुढे निघे. जुन्या गाळाचा टणक पट्टा आला की नदी सुळकन पुढे सरके आणि तिच्या टाचेजवळ फेस येई. गाणं म्हणायला दम नव्हता. ती नुसती बोलत राहिली.

"ये बाई, ये. पण घाई करू नकोस. तो बहिरा खाली बसलाय. तुझं काय जातंय? जरा इकडेतिकडे बघ, झाडांना पाणी दे, ये सावकाश."

तिला वाईट वाटत होतं ते या गोष्टीचं की नदीला आणायला ती एकटीच आली होती. जिवाची भीती होती, नाही असं नाही, पण त्याहून ही लाज मोठी वाटली. एवढी लांबून आलेली पाहुणी, आणि दारात एक धापा टाकणारी म्हातारी.

विहिरीवर पोचली तेव्हा छातीत भाता चालला होता. तिने आत वाकून बघितलं. खाली हिस्किया तोंडावर टोपी घेऊन झोपलेला. "हिस्किया!" ती ओरडली, आणि ओरडून झाल्यावर स्वतःलाच शिवी घातली. मग तिने पायातला बूट काढला आणि नेम धरून हाणला. तो बरोबर पोटावर बसला.

"कोण रे तो हलकट?" हिस्किया उठून बसला.

लिसबेटने पूर्वेकडे हात केला आणि तळवा जमिनीवरून सरपटत यावा तसा पुढे आणला. ही खूण आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळते.

"आज?" हिस्किया म्हणाला. "ढग कुठेत?"

"ढगांनी तुझ्या डोक्यावर येऊन मुतायला हवं, मग येशील होय वर? ये मेल्या!"

खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून तो चढू लागला. अर्ध्यावर आला आणि परत उतरला.

"आता काय?"

"फावडं राहिलं."

लिसबेटने त्या क्षणी जी भाषा वापरली ती पाद्रीबुवांसमोर सांगता येणार नाही. तो फावडं घेऊन वर आला. तिने त्याची कॉलर धरून ओढलं, तसा त्याचा पाय ओंडक्यात अडकला आणि गुडघा कडकन वाजला. तेवढ्यात धाकटी आलीच. विहिरीच्या काठावरून ती आत पडू लागली, गटागटा, कुणी फार तहानलेलं पीत असावं तशी. दोघं एकमेकांना धरून, लंगडत, फावडं टेकत जवळच्या काठाकडे निघाले. जवळचा काठ हिस्कियाचा होता. झाडाची मुळं धरून वर चढतात न चढतात, तो वरच्या अंगाला मोठा आवाज झाला. थोरली आली होती. या काठापासून त्या काठापर्यंत एकच तपकिरी भिंत, आणि तिच्या माथ्यावर मुळासकट उपटलेलं एक झाड डोलत होतं. विहीर कुठे होती ते दाखवायलाही काही उरलं नाही.

दोघांनी काही वेळाने काठावरचं ओंजळभर पाणी घेऊन तोंडाला लावलं. रीत आहे. मग हिस्कियाने विचारलं, "माझा बूट का मारलास?"

"तुझा नव्हे, माझा होता. आता गेला समुद्राला."

चहा झाल्यावर हिस्किया गुडघ्याला फडकं बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बरं झालं आलीस. सांगायचंच होतं. गॉटफ्रीड येणारे मला न्यायला. त्याच्याकडे खोली आहे. महिनाअखेरीला जातो."

गॉटफ्रीड त्याचा मुलगा, बंदरावर क्रेन चालवायचा.

"कधी ठरलं?" लिसबेटने विचारलं. तोंडासमोर तोंड असलं की त्याला ओठांवरून कळे.

"नाताळात."

नाताळापासून किती रविवार ती त्याच्यासमोर बसून बिया फोडत होती! तिला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. ज्या माणसाला वाचवायला फुप्फुसं फाटेस्तोवर चालली, तो माणूस असाही जाणारच होता. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. मेला असता आणि गेला असता यात फरक असतो, तिने स्वतःला बजावलं. फरक होताच. पण रविवारच्या चहाला दोन्हींत खुर्ची रिकामीच राहणार होती.

"जाणार होतास तर विहीर कशाला उपसत होतास, मूर्खा?"

"गाढवांना पाणी नको?" हिस्किया म्हणाला.

नदी मोठी होती. लिसबेट या काठावर अडकली, तिच्या शेळ्या त्या काठावर. हिस्कियाने झोपडी तिला दिली आणि स्वतः बाहेर स्वयंपाकाच्या आडोशाला पथारी टाकली. नदीकाठच्या ओलाव्याला हिरवं फुटलं होतं, पाणी मुबलक होतं, त्यामुळे शेळ्यांचं बरं चाललं होतं. संध्याकाळी त्या पलीकडे पाणी प्यायला येत आणि लिसबेट या काठावरून एकेकीला नावाने हाक मारून झापत असे. पाद्री मान वर करून बघे आणि पुन्हा पिऊ लागे.

हिस्कियाचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. झोपडी आणि नदीच्या मध्ये वाळूचा एक उंचवटा होता. तो चढणं त्याला शक्य नव्हतं, आणि आवाज तर त्याच्या लेखी नव्हताच. रोज सकाळी लिसबेट पाणी आणायला जाई, आणि परतली की तो विचारी, "आज किती?"

"गळ्याइतकं," ती सांगे. पुढे, "छातीइतकं." मग ती मोठ्या टेकडीवर चढून जाई, कारण फोनला तिथेच रेंज मिळते, आणि गॉटफ्रीडला तेच सांगे. तो म्हणे, "ओमा, पाणी उतरलं की कळवा. लगेच येतो." आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला ओमाच म्हणतात.

नदीचं आयुष्य फार नसतं. पाणी कमरेला आलं, आणि मग एका रात्रीत ओसरलं. सकाळी लिसबेट उंचवट्यावर आली आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. पात्रात इथे एक डबकं, तिथे एक डबकं, मधे ओला चकचकीत गाळ. आता फोन करायचा, गाडी येणार. ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. ऊन चढलं. मग भांडं भरून ती झोपडीकडे आली.

"आज किती?" हिस्कियाने विचारलं.

"कमरेइतकं," लिसबेट म्हणाली.

म्हणायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघालं ते निघालं. दुसऱ्या दिवशी ती डबक्यात बसून परकर कमरेपर्यंत भिजवून आली. "कमरेइतकंच आहे अजून. वर पाऊस चालू असेल." पुढे डबकंही आटलं. मग तिने गाळात हाताने खड्डा केला, त्यात झिरपलेलं पाणी भांड्यात घेतलं, आणि आजूबाजूला कुणी नाही हे बघून ते स्वतःच्या कमरेवर ओतलं. आजूबाजूला कोण असणार होतं! गॉटफ्रीडला तिने फोनवर ठणकावून सांगितलं, "येऊ नकोस, गाडी रुतेल." रविवारी हिस्कियाने बायबल मोठ्या आवाजात वाचलं, तेव्हा ती डोळे मिटून बसली. पाप होतं, तिला ठाऊक होतं. पण तव्यावर दोन माणसांची भाकरी भाजली जात होती, आणि तिला ते सोडवत नव्हतं.

मग शेळ्यांनी घात केला. सकाळी हिस्किया दाराशी मक्याची लापशी खात बसला होता आणि उंचवट्यावरून पाद्री उतरला. मागे सगळी मंडळी. पाद्रीने सरळ येऊन हिस्कियाच्या वाडग्यात तोंड घातलं. हिस्कियाने वाडगा बाजूला घेतला आणि बोकडाचे पाय बघितले. खुरांपासून पोटापर्यंत धूळ. पाण्याचा एक ठिपका नाही.

लिसबेट भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

"तुझ्या शेळ्या पोहायला कधी शिकल्या?" हिस्कियाने विचारलं.

"भूक लागली की कुणीही शिकतं."

"हं. आणि पाणी किती आहे?"

"कमरेइतकं."

"तुझ्या की पाद्रीच्या?"

तिने भांडं खाली ठेवलं. हिस्किया बराच वेळ त्या बोकडाची मान खाजवत राहिला. मग म्हणाला, "गॉटफ्रीडला सांग, एवढ्यात निघू नकोस म्हणावं. एवढ्या पाण्यातून गाडी यायची नाही."

लिसबेट झोपडीच्या मागे गेली आणि पत्र्याला कपाळ टेकून रडली. रडताना आवाज लपवायचं कारण नव्हतं, तरी तिने तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरलं होतं.

त्यानंतर नदीचं नाव निघालं नाही. सकाळी तो विचारीना, ती सांगेना. दुभंगलेल्या टेकडीजवळच्या झुडपांवरून मात्र रोज भांडण झालं, आणि एकदा हिस्किया चक्क हरलाही. "बरं बाई, तुमची झुडपं," तो म्हणाला. तिला ते आवडलं नाही. तिने दुसऱ्याच मिनिटाला नवं भांडण काढलं.

गॉटफ्रीड न विचारताच आला. रेडिओवर सांगितलं असेल, किंवा बंदरावर कुणी बोललं असेल. त्याच्या गाडीची धूळ आधी दिसली, पलीकडच्या काठावर. मग ती धूळ काठावरून पात्रात उतरली, मधे कुठेही न थांबता पात्र ओलांडून अलीकडे आली, आणि उंचवट्याला वळसा घालून झोपडीपुढे थांबली. दोघं त्या धुळीकडे शेवटपर्यंत बघत राहिले.

गॉटफ्रीड दांडगा, घामेजलेला, चांगल्या मनाचा माणूस होता. त्याने बापाला मिठी मारली, मग लिसबेटकडे वळला.

"ओमा, तुम्ही तर म्हणालात पाणी आहे. नदी ठणठणीत कोरडी आहे. गाळ फुटून पापुद्रे सुटलेत, चाकाखाली कडाकडा मोडत होते. किती दिवस झाले आटून?"

लिसबेट किटली उचलायला वळली.

"काल संध्याकाळपर्यंत होतं," हिस्किया म्हणाला. मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं. "कमरेइतकं होतं. मी स्वतः जाऊन बघितलं."

गॉटफ्रीडने बापाच्या फडक्यात गुंडाळलेल्या गुडघ्याकडे बघितलं. मग दोघांच्याही तोंडाकडे.

"असेल, बाबा," तो म्हणाला.

सामान फार नव्हतं. एक पेटी, गादी, किटली, आणि ते फावडं. गाढवं लिसबेटकडे राहायची ठरली. गॉटफ्रीडने तिलाही गाडीत बसा म्हणून खूप आग्रह केला. आलेट्टाकडे सोडतो म्हणाला. तिने शेळ्यांकडे बोट दाखवलं. हिस्किया पुढच्या सीटवर बसला, काच खाली केली, आणि काही बोलायच्या आधी ती त्याच्या अगदी तोंडासमोर जाऊन उभी राहिली, ओरडावं लागू नये म्हणून.

"सांभाळून जा," ती म्हणाली. "पाणी फार आहे."

"कमरेइतकं," हिस्किया म्हणाला.

गाडी पात्रात उतरली, वर चढली आणि धूळ बसेपर्यंत दिसेनाशी झाली. लिसबेटने गाढवांना दावं लावलं, शेळ्या पुढे घातल्या आणि आपल्या काठाकडे निघाली. पात्राच्या मधोमध ती एका पायात बूट आणि दुसऱ्यात हिस्कियाची जुनी चप्पल घालून चालत होती, आणि खालची वाळू चांगलीच तापली होती.